गावच्या हुतात्म्यांची नावं दगडावर कोरण्याआधी

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक जाड गोल चकती होती, हाताच्या पंजाएवढी. तिच्यावर एक बाई उभी, पायाशी सिंह. आजी दर मंगळवारी तिला हळदकुंकू वाहायची, कारण सिंह असलेली बाई म्हणजे देवीच. मी नववीत असताना एकदा चिंच लावून ती चकती घासली, तेव्हा कडेच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं उमटली. ते आजोबांच्या चुलत्याचं नाव होतं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशी ब्राँझची चकती पाठवली होती. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूप. चकतीवर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं.

पुढे गावात स्मारक झालं, तेव्हा समितीत मीही होतो. तरी त्या दगडावर हे नाव आलं नाही. आम्ही सभेत आठवतील तशी नावं सांगितली, कुणीतरी वहीत उतरवली आणि वही थेट कारागिराकडे गेली. एक नाव राहिलं, एक चुकलं. चुकलेल्या नावाच्या घरचे उद्घाटनाला आले, दगड वाचला आणि न बोलता परत गेले. त्या चुका निस्तरताना जे शिकलो ते इथे लिहितोय. स्मारकाचं काम सुरू करणाऱ्या प्रत्येक गावाला माझं एकच सांगणं आहे: आधी नावं पक्की करा, दगड त्यानंतर.

सुरुवात गणपतीत करा

कोकणातलं अर्धं गाव मुंबईत असतं, म्हणून पहिली बैठक गणपतीतच ठेवा. चाकरमानी आलेले असतात, म्हातारी माणसं घरी असतात, आरतीनंतर तासभर सगळे बसतात. प्रत्येक वाडीतून एक माणूस घ्या. मराठवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, भंडारवाडी, मोहल्ला, जी असेल ती प्रत्येक वाडी. हे केवळ समतोलासाठी करायचं नाही. आपल्या वाडीतून कोण गेला आणि परत आला नाही, हे त्या वाडीलाच माहीत असतं. आम्ही बैठक देवळात घेतली आणि मोहल्ल्यातलं कुणी आलं नाही. दुसऱ्या वेळी शाळेत घेतली, तेव्हा आले. त्यातून जहाजावर गेलेल्या दोघांची माहिती मिळाली.

तोंडी ठरलेलं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या. पुढची प्रत्येक परवानगी त्या ठरावाच्या नकलेवरच मिळते.

कोणाचं नाव घ्यायचं?

हा वाद होणारच, तो आधीच मिटवा. लष्कराच्या कागदात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे दोन वर्ग असतात. पहिल्यात शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना गेलेले, दुसऱ्यात अपघातानं, आजारानं सेवेत असताना गेलेले. पेन्शन आणि सवलती यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. गावाच्या दगडावर तो किती पाळायचा, हे गावानं ठरवायचं. माझं मत सांगतो. बर्फात गाडी दरीत कोसळून गेलेल्या ड्रायव्हरची आई आणि गोळी लागून गेलेल्या शिपायाची आई गावात एकाच विहिरीवर पाणी भरतात. सेवेत असताना गेलेला प्रत्येक जण दगडावर यावा. कोण कसा गेला ते नोंदवहीत सविस्तर लिहावं.

निमलष्करी दलांचाही विचार करा. सीआरपीएफ, बीएसएफमधल्या जवानांची नावं सेनेच्या यादीत सापडत नाहीत आणि मग ती राहून जातात. त्यांची राष्ट्रीय नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात असते. ते २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुलं झालं.

निकष एकदा लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. नंतर कुणाच्या शब्दाखातर बदलू नका.

नावं शोधायची कशी

हे काम सर्वांत लांबतं. याला एक वर्ष द्या.

आधी घरं फिरा. ट्रंका, माळे, फोटोंच्या चौकटींच्या पाठी, पेन्शनची पुस्तकं, जुनी मनीऑर्डरची पावती. पदक मिळालं तर ते उन्हात धरून त्याची कड बघा. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हा नंबर फार मोलाचा आहे. एकाच गावात तीन सखाराम असतात, पण नंबर एकाचाच असतो.

मग गावातल्या जुन्या भिंती बघा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. चावडीच्या, जुन्या शाळेच्या भिंतीवर चुन्याच्या थराखाली ती अजून असू शकते. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडेसारख्या गावात सैन्याची परंपरा घरोघर चालत आल्यानं आठवणीही टिकल्या. बाकी गावांत पाटी असली तरी तिच्यावर आकडा असतो, नावं नसतात. ती आपल्यालाच शोधावी लागतात.

दोन्ही महायुद्धांसाठी ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ची, म्हणजे युद्धात गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाची, नोंद इंटरनेटवर मोफत बघता येते. इथे नुसतं नाव टाकलं की माणूस सापडत नाही, म्हणून थोडं खोलात सांगतो. नावं इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. ‘कदम’ची अक्षरं चार तऱ्हांनी जुळवलेली सापडतात. कित्येकांचं आडनावच नाही, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. म्हणून नावाऐवजी ‘अधिक माहिती’च्या रकान्यात जिल्हा किंवा तालुका टाकून शोधा. तिथे ‘अमक्याचा मुलगा, खेड, रत्नागिरी’ अशी टीप असते.

जिल्हा टाकताना जुना नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण, कणकवलीची नोंद रत्नागिरीतच. रायगड तेव्हा कुलाबा होता. मुरूड, श्रीवर्धनकडची गावं जंजिरा संस्थानात होती, आणि सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होतं, कुडाळ त्यातच होतं. हे माहीत नसल्यामुळे आमच्या शेजारच्या गावानं एक नाव दोन वर्षं चुकीच्या जिल्ह्यात शोधलं.

पलटणीवरूनही वाट सापडते. पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. तो वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला. पुढे कैदेत असंख्य माणसं मेली. त्या मोहिमेतल्या ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्या स्मारकाच्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नव्हती. अधिकाऱ्यांची नावं होती, शिपायांची फक्त संख्या. आयोगानं २०२१ साली आपल्याच अहवालात हा दुजाभाव कबूल केला. आपल्या गावच्या शिपायाचं नाव त्या भिंतीवर आलं नाही, म्हणूनच ते आपल्या दगडावर यायला हवं.

बौद्धवाडीतल्या घरांसाठी दोन नोंदी ध्यानात ठेवा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे. या केंद्रांशी जोडलेल्या अभिलेख कार्यालयांना नंबर, नाव आणि ग्रामसभेचा ठराव जोडून पत्र लिहा. उत्तराला वेळ लागतो, पण येतं.

समुद्रावर गेलेल्यांना गावं नेहमी विसरतात, आणि कोकणात तर ते विसरून चालणार नाही. आपल्याकडचे खलाशी दोन्ही महायुद्धांत व्यापारी जहाजांवर होते. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं की घरी फक्त तार यायची. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहाच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या, समुद्राशिवाय दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून जास्त जणांसाठी ते आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नावं तिथे स्मरणपुस्तकात आहेत. चाकरमान्यांपैकी कुणाला तरी हे काम द्या, लोकलनं अर्ध्या दिवसाचं आहे.

१९४७ नंतरच्या नावांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. सोबत आपल्या जिल्ह्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात, आणि पुढे कार्यक्रमालाही त्यांची मदत लागते. नौदलातल्यांसाठी एक तारीख लक्षात असू द्या: ९ डिसेंबर १९७१. त्या रात्री दीवच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. गावात कुणी ‘एकाहत्तरला बोटीवर गेला तो गेलाच’ म्हणालं, तर आधी ही यादी बघा.

घरच्यांकडून वाचून घ्या

कागद जुळले तरी काम संपत नाही. मोठ्या अक्षरात नाव लिहिलेला कागद घेऊन घरी जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडे चुकलेल्या नावाचं दुसऱ्या वेळी असं झालं. पडवीत बसलो होतो, काकी भातातले खडे वेचत होत्या.

“काकी, एवढं एकदा ऐका आणि बरोबर आहे का सांगा.”

त्यांनी ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. “ते शाळंतलं नाव रं बाबा. घरात त्यांना त्या नावानं कोन हाक मारी? आनि सासऱ्यांचं नाव असं नाय, अर्जुन नाय, अर्जून. ते तसं लिवायचे, लांब.”

व्याकरणात ‘अर्जुन’ बरोबर. पण त्यांच्या घरात बापाच्या सहीत ऊ दीर्घ होता, आणि मुलानं भरतीच्या कागदावर तसंच लिहिलं होतं. आम्ही दीर्घ ठेवला. दगडावर सैन्यातलं नाव पूर्ण घेतलं आणि घरचं नाव नोंदवहीत लिहिलं. प्रत्येक कुटुंबाची सही त्या कागदावर घ्या. सही येत नसेल तर अंगठा. तो कागद जपून ठेवा.

क्रम गेलेल्या वर्षाप्रमाणे लावा. हुद्द्याप्रमाणे लावू नका. सुभेदार वर आणि शिपाई खाली असं गावच्या दगडावर शोभत नाही.

जागा आणि परवानग्या

ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा सर्वांत सोपी. सातबारा बघितल्याशिवाय शब्द देऊ नका. ‘गावाचीच जागा आहे’ असं सगळे म्हणतात आणि उताऱ्यावर सतरा हिस्सेदार निघतात. नाक्यावर, रस्त्याच्या कडेला बांधू नका. सार्वजनिक रस्त्यावर पुतळे वा तशी बांधकामं नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, शिवाय रस्ता रुंद झाला की तुमचा चौथरा पहिला जातो. समुद्र किंवा खाडीलगत असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, हद्द तहसीलमधून तपासा. शाळेचं आवार मला सर्वांत आवडतं. रोज शंभर मुलं तिथून जातात.

पुतळा हवा की नको, हाही प्रश्न येतो. माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले, तेव्हा हा एकटा मशीनगनवर धावून गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. असा एकच ठळक वीर असेल तर पुतळा समजू शकतो. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाकडून मातीच्या नमुन्याला मान्यता लागते. शिवाय चेहरा जुळला नाही तर ते दुःख कायमचं. दहा नावं असतील तर कोणाचा पुतळा करणार? नावांची शिळाच करा.

दगड, पाऊस आणि खारं वारं

चौथरा जांभ्याचाच करा. चिरा आपला आहे, गवंडी आपले आहेत, आणि तो गावात मिसळून जातो. पण नावं चिऱ्यावर कोरू नका. जांभा भोकाभोकांचा असतो, दोन पावसांत अक्षर शेवाळानं भरतं. नावांसाठी काळा पाषाण किंवा काळा ग्रेनाइट घ्या आणि शिळा उभी ठेवा. आडवी ठेवली की पाणी साचतं. वरच्या कडेला पागोळी पुढे पडेल एवढा कंगोरा काढा. चौथऱ्याला उतार द्या.

अक्षरं कोरूनच घ्या, नुसती रंगवून घेऊ नका. पितळेची पाटी खाऱ्या हवेत हिरवी पडते, चिकटवलेली धातूची अक्षरं एकेक करून गळतात. स्क्रू, पट्ट्या, साखळी यांसाठी साधं स्टेनलेस नको, ३१६ ग्रेडचं मागा. ३०४ किनाऱ्यावर गंजाचे डाग धरतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांचा विषय सगळीकडे निघाला होता. महाराष्ट्रभर माणसं हळहळली. आपला चौथरा लहान असेल, पण वारं तेच आहे.

कारागिराला वही देऊ नका. खऱ्या आकारात छापलेला कागद द्या, आणि तो दगडावर चिकटवल्यावर कोरण्याआधी दोघांनी जाऊन वाचा. एकानं दगडावरचं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कुटुंबानं सही केलेल्या कागदावर बोट ठेवायचं. रफार, वेलांटी, अनुस्वार इथेच सांभाळता येतात. एकदा छिन्नी लागली की हात जोडण्याशिवाय काही उरत नाही. खाली तीन-चार नावांची जागा मोकळी सोडा.

पैशाचं थोडक्यात: स्वतंत्र बँक खातं, प्रत्येक वर्गणीची पावती, आणि हिशेब सभामंडपात फळ्यावर. जमलेल्यातला काही भाग मुदत ठेवीत ठेवा, देखभाल त्याच्या व्याजातून करा.

स्मृतिदिन कधी आणि कसा

सगळे २६ जुलै सुचवतात. कारगिल विजय दिवस मोठा आहे, पण कोकणात तेव्हा लावणी चालू असते आणि पाऊस उभं राहू देत नाही. ज्या बाईच्या घरचा माणूस गेला, तिचेच पाय त्या दिवशी चिखलात असतात. आम्ही डिसेंबर धरला. ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ ला विजय दिवस. मधला रविवार घेतला तर भात घरात आलेलं असतं, आकाश निवळलेलं असतं आणि मुंबईचे लोक शनिवारच्या गाडीनं येऊ शकतात. २६ जुलैला शाळेत मुलांसमोर नावं वाचा, तेवढं पुरतं.

उद्घाटनाच्या वेळी शिळेवर तिरंगा झाकू नका. ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे. साधं पांढरं कापड घ्या. आपल्या मनानं झेंडा अर्ध्यावरही उतरवायचा नसतो, तो आदेश सरकारचा असतो.

कार्यक्रम पाऊण तासाचा ठेवा. कुटुंबं पहिल्या रांगेत, मांडवाच्या सावलीत, पाठ टेकेल अशा खुर्च्यांवर. पाहुणे उशिरा आले तरी वेळेवर सुरू करा. दीप वीरपत्नीच्या किंवा वीरमातेच्या हातून लावा. कुणी कुजबुजलं की विधवेच्या हातून कसं, तर सांगा की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी काकींचा हात थरथरत होता, काडी दोनदा विझली. शेजारच्या मोहल्ल्यातल्या आपांनी पुढे होऊन दोन्ही तळहातांचा आडोसा धरला, तेव्हा वात पेटली.

मग नावं वाचा. हा कार्यक्रमाचा गाभा आहे, त्याची घाई नको. हुद्दा, पूर्ण नाव, वाडी, पलटण, कुठे आणि कधी. वाचणारं मूल आठवडाभर आधी निवडा आणि त्याला त्या त्या घरी नेऊन नाव म्हणायला शिकवा. त्यानंतर दोन मिनिटं शांतता. बिगुल वाजवणारा एनसीसीचा मुलगा मिळाला तर उत्तम, नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल. फक्त स्पीकर आदल्या दिवशी तपासा. भाषण एकच, माजी सैनिकाचं, दहा मिनिटांचं. शिळेपाशी एका धर्माची पूजा नको. प्रत्येक घरानं नंतर आपापल्या रीतीनं फूल वाहावं, फातिहा पढावी, त्रिशरण म्हणावं.

पुढची देखभाल

पाऊस संपला की शिळा साध्या पाण्यानं आणि मऊ नायलॉनच्या ब्रशनं धुवा. अॅसिड आणि तारेचा ब्रश वापरू नका. अक्षरांतला रंग गेला असेल तर बारीक कुंचल्यानं भरा. आमच्याकडे आठवीतली मुलं भरतात. नोंदवहीच्या तीन प्रती करा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक मुंबई मंडळाकडे. प्रतींमध्ये कुटुंबांच्या सह्यांचे कागद, पदकांचे फोटो आणि आलेली पत्रं लावा.

नाव उशिरा सापडलं तर दगड उतरवावा लागत नाही. कारागीर हातमशीन घेऊन येतो, वीज शाळेतून मिळते, मोकळ्या जागेत एक ओळ अर्ध्या दिवसात होते. शेजारच्या अक्षरांना ओरखडा जाऊ नये म्हणून ती जाड टेपनं झाका आणि उंची जुन्या ओळीवरून मोजून घ्या. आमची दहावी ओळ अशीच आली. कागद चिकटवल्यावर दुसऱ्या माणसाकडे पडताळायला कुटुंबाच्या सहीचा कागद असतो, तसा त्या वेळी माझ्या हातात देव्हाऱ्यातली चकती होती. एकेक अक्षर तिच्यावरून वाचलं आणि मग कारागिराला ‘चालू द्या’ म्हटलं.